चेंडू पायाशी येण्याआधी

मुलांच्या फुटबॉलविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा बूट कोणते घ्यावेत, आहार काय असावा, निवड चाचणीत काय पाहतात, अशी पत्रे येतील असे वाटले होते. तशी ती आलीही. परंतु बहुतेक पत्रांचा सूर एकच होता. मुलाला चेंडू खेळवता येतो, पण सामन्यात चेंडू मिळाल्यावर काय करायचे ते त्याला सुचत नाही. म्हणून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, कारण जवळपास प्रत्येक पत्रात एखाद्या मुलाचा किंवा प्रशिक्षकाचा उल्लेख आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. रोज पहाटे घरामागच्या बोळात तो भिंतीवर चेंडू मारून सराव करतो, जमिनीवर ठेवलेल्या मार्करमधून चेंडू सफाईने नेतो, चेंडू खाली पडू न देता पायावर उडवत ठेवण्याचे जगलिंगही उत्तम करतो. सामन्यात मात्र चेंडू पायाशी आला की गोंधळतो, दोघेतिघे अंगावर येतात आणि चेंडू हिरावून नेतात. एवढी मेहनत करूनही कमी नेमकी कुठे पडते?
— एक पालक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : कमी पायात नाही आणि धाडसातही नाही. आपल्या मुलाच्या सरावात निवड करण्याची वेळच कधी येत नाही. मार्कर जागचा हलत नाही, भिंत आडवी येत नाही आणि जगलिंग करताना समोरून कोणी धावून येत नाही. सामन्यात मात्र त्याला तीन कामे करावी लागतात. आजूबाजूला काय आहे ते पाहायचे, त्यावरून काय करायचे ते ठरवायचे आणि ठरवलेले पायाने करून दाखवायचे. तिसऱ्या कामाची त्याची तयारी चांगली झालेली दिसते, पहिल्या दोन कामांची झालेलीच नाही. त्यातही पहिले काम अधिक महत्त्वाचे, कारण ज्याने पाहिलेच नाही तो ठरवणार तरी कशाच्या आधारावर?

आणि पाहण्याची वेळ चेंडू पायाशी आल्यानंतरची नव्हे, त्याच्या आधीची असते. गेल्या महिन्यातल्या एका सरावसत्रातली गोष्ट सांगतो. बारा वर्षांचा एक मुलगा मध्यफळीत उजवीकडे उभा होता आणि चेंडू अजून पलीकडच्या बगलेला, म्हणजे मैदानाच्या कडेला, डाव्या बचावपटूच्या पायात होता. चेंडूशी त्या घडीला याचा काहीही संबंध नव्हता. तरीही त्याने मान वळवून उजव्या खांद्यावरून मागे पाहिले. मागे मोकळे गवत होते आणि बगलेला आपला एक साथीदार. मग पास निघाला. चेंडू घरंगळत त्याच्याकडे येत असतानाच त्याने पुन्हा एकदा, अगदी निमिषभर, मागे नजर टाकली. या वेळी लाल बिब, म्हणजे संघ ओळखू यावा म्हणून वरून घालायचे बिनबाह्यांचे जाकीट, घातलेला प्रतिस्पर्धी पाठीमागून धावत येताना त्याला दिसला. त्याने चेंडू थांबवलाच नाही. कंबर फिरवून अंग पुढच्या मैदानाकडे वळवले, चेंडू शरीरासमोरून पलीकडे जाऊ दिला आणि पहिला स्पर्श लांबच्या पायाने, पुढे जाण्याच्या दिशेने केला. लाल बिबवाला पोरगा जिथे चेंडू थांबायला हवा होता तिथे येऊन पोहोचला, तेव्हा तिथे चेंडू नव्हता. पायाच्या कौशल्याचा विचार केला तर हा मुलगा आमच्या संघात पाचवासहावा असेल, पण त्या दोन नजरांनी त्याला जो वेळ मिळवून दिला तो इतरांना मिळत नाही.

नॉर्वेचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ गेइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील खेळाडूंच्या चित्रफिती पाहून नेमकी हीच गोष्ट मोजली. चेंडू मिळण्यापूर्वीच्या काही सेकंदांत खेळाडू किती वेळा मान वळवून आजूबाजूला पाहतो आणि त्यानंतरचा त्याचा पास यशस्वी होतो की नाही, याचा त्यांनी मेळ घातला. जे अधिक वेळा पाहत होते त्यांचे पास अधिक अचूक होते आणि हा फरक पुढच्या दिशेने दिलेल्या पासमध्ये विशेष होता. फ्रँक लॅम्पार्ड आणि स्टीव्हन जेरार्ड या इंग्लंडच्या मध्यफळीतल्या खेळाडूंची नावे त्या यादीत अगदी वर होती. ज्यांच्या पायांचे आपण कौतुक करतो, त्यांच्या मानेकडे आपले लक्षच गेलेले नसते.

बोळातला सराव बंद करण्याचे कारण नाही, त्यात एक माणूस वाढवा. मुलगा भिंतीवर चेंडू मारील तेव्हा आपण त्याच्या मागे चारपाच पावलांवर उभे राहा आणि बोटे दाखवा. भिंतीवरून चेंडू परत येण्याआधी त्याने मागे पाहून बोटांची संख्या सांगायची. हा सराव आठवडाभर पुरे, कारण यात मान वळवण्याची सवय लागते, पण पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावावा लागत नाही. पुढच्या आठवड्यात बोटे बंद करा आणि मागे डावीउजवीकडे दोन विटा ठेवा. चेंडू भिंतीवरून परतत असताना आपण त्यांपैकी एका विटेकडे सरकायचे आणि मुलाने ते पाहून दुसऱ्या बाजूने वळून चेंडू पुढे न्यायचा. त्यानंतर आपण नुसते सरकू नका, खरोखर चेंडू काढून घ्यायला जा. त्याने भिंतीकडे तोंड करून सरळ उभे राहू नये, थोडे तिरके उभे राहावे, म्हणजे एका नजरेत चेंडूही दिसतो आणि मागचे मैदानही. एवढ्या एका बदलाने सामन्यातला निम्मा गोंधळ कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि खेळाचा तासही माझ्याकडेच असतो. तास ३५ मिनिटांचा, मुले-मुली मिळून ४० आणि चेंडू ५. मी रांगा करून पास देण्याचा, चेंडू अडवण्याचा सराव घेते. मुले शिस्तीत करतात, पण शेवटी खेळ लावला की सगळी चेंडूमागे घोळक्याने धावतात. निर्णयक्षमता वगैरे पुढच्या गोष्टी. आधी एवढ्या मुलांना शिकवायचे कसे?
— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : बाई, निर्णयक्षमता ही पुढची गोष्ट नाही, पहिल्या तासापासूनची आहे. आपल्या रांगांचा हिशेब करून पाहा. ५ चेंडू म्हणजे ८ मुलांच्या ५ रांगा. प्रत्येक मूल एकदा चेंडूला पाय लावते आणि सात जणांचे होईपर्यंत उभे राहते. शिवाय ज्या वेळी त्याची पाळी येते, त्या वेळी चेंडू कुणाला द्यायचा हे आपण आधीच सांगून ठेवलेले असते. ३५ मिनिटांत त्याला स्वतः काही ठरवण्याची एकही वेळ आलेली नसते आणि शेवटच्या पाच मिनिटांच्या खेळात अचानक सगळेच ठरवायचे असते. मुले घोळक्याने धावतात ती बेशिस्त म्हणून नव्हे.

इंग्लंडमधील लफबरो येथील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प या शारीरिक शिक्षणाच्या दोन अध्यापकांनी १९८२ मध्ये हीच अडचण मांडली होती. आधी कौशल्ये घोटायची आणि मग खेळ, हा क्रम त्यांनी उलटा करायला सांगितला. मुलांच्या आवाक्यातला छोटा खेळ आधी द्यावा, त्यात त्यांना अडचण येऊ द्यावी आणि ती अडचण सोडवण्यासाठी लागेल ते कौशल्य नंतर शिकवावे, असे त्यांचे म्हणणे होते. बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, वर्गात ही पद्धत कानावरून जाते, मैदानावर मात्र रांगाच दिसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या शाळेसाठी गणित सोपे आहे. ५ चेंडू, ५ छोटी मैदाने, प्रत्येक मैदानावर ४ विरुद्ध ४, म्हणजे बरोबर ४० मुले आणि कोणीही बाहेर बसलेले नाही. प्रत्येक मैदान साधारण २५ पावले लांब आणि २० पावले रुंद आखा; जागा कमी असेल तर थोडे लहान करा. दोन्ही टोकांना दोन दोन, अशी एकूण चार दारे करा आणि ती टोकाच्या रेषेवर डाव्या-उजव्या कोपऱ्यांजवळ असू द्या. दाराची रुंदी दोन पावले पुरते. विटा, चपला, दप्तरे, काहीही चालेल. प्रत्येक संघाने दोन दारे राखायची आणि समोरच्या दोन दारांवर चाल करायची. लांबून फटका मारून गोल नाही, चेंडू पायाशी ठेवून दारातून पार नेला तरच गोल. गोलरक्षक नाही.

एका ऐवजी दोन दारे ठेवल्याबरोबर घोळका आपोआप फुटतो. सगळे उजव्या दाराशी गोळा झाले की डावे दार मोकळे पडते आणि ते कुणाला तरी दिसते. दोनतीन गोल तसे झाले की चेंडूपासून लांब उभे राहण्यात शहाणपण आहे हे मुलांना कळू लागते. ‘पसरून उभे राहा’ असे आपण शंभर वेळा ओरडलो तरी हे कळत नाही. चार गोलांचा हा खेळ प्रसिद्ध केला तो जर्मनीच्या हॉर्स्ट वाइन यांनी आणि ते मुळात हॉकीचे प्रशिक्षक होते. त्यांचा खेळ ३ विरुद्ध ३ असा आहे. आपल्याकडे चेंडू कमी म्हणून मी चार केले. खुद्द जर्मनीच्या फुटबॉल महासंघाने २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांसाठी मोठ्या गोलांऐवजी चार छोट्या गोलांचे २ विरुद्ध २ किंवा ३ विरुद्ध ३ असे सामने देशभर लागू केले आहेत.

आपल्या जिल्ह्यात खो-खो घरोघरी आहे, त्याचाही उपयोग करून घ्या. पाठलाग करणाऱ्याला आपण पुढे धावावे की खो द्यावा, द्यायचा तर कुणाला, हे धावता धावता ठरवावे लागते. स्वतःला मागे वळता येत नाही म्हणून तो दुसऱ्या दिशेला तोंड करून बसलेल्याला खो देतो. पास हा तसाच आहे. ज्याचे तोंड योग्य दिशेला आहे, ज्याला जागा आहे, त्याला खो. हे शब्द वापरले की सांगलीच्या मुलांना वेगळे काही समजवावे लागणार नाही.

एखादा संघ फारच वरचढ ठरला तर दुसऱ्याला एक गडी वाढवून द्या. तासात दोनदा खेळ थांबवा आणि फक्त एक प्रश्न विचारा : ‘आत्ता कोणते दार मोकळे होते?’ उत्तर त्यांना देऊ द्या.

प्रश्न : मी चौदा वर्षांखालील संघाला शिकवतो. रेषेबाहेरून मी सांगितले, की मुले बरोबर खेळतात. मी गप्प बसलो, तर चेंडू घेऊन उभी राहतात आणि माझ्याकडे पाहतात. पालकही बाहेरून ओरडत असतात. प्रशिक्षकाने बोलायचेच नाही, असे हल्ली काही जण सांगतात. ते मला पटत नाही. आपले मत काय?
— एक प्रशिक्षक, नागपूर

उत्तर : मलाही पटत नाही. न बोलणारा प्रशिक्षक मुलांच्या काय कामाचा? पण कधी बोलायचे आणि काय बोलायचे, हे बदलावे लागेल. आपणच लिहिले आहे की मुले चेंडू घेऊन आपल्याकडे पाहतात. त्या क्षणी त्यांनी मैदानाकडे पाहायला हवे होते. ती नजर आपण आपल्याकडे वळवून घेतली आहे. हे कठोर वाटेल, पण हीच चूक मी स्वतः बरीच वर्षे केली आहे, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या सांगण्यावरून मी माझा मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवून एका सामन्याचा पूर्वार्ध ध्वनिमुद्रित केला. रात्री घरी ऐकला. ‘दे की’, ‘सोड, सोड’, ‘मार!’, ‘वळ, वळ की रे’, ‘मागं बघ’. माझा आवाज सलग पंधरा सेकंदही थांबलेला नव्हता. मला सर्वांत लागले ते वेगळेच. ‘दे’ हा शब्द उच्चारेपर्यंत मी ज्याला द्यायला सांगत होतो, त्याची वाट बंद झालेली असायची. मी पाहायचो, ठरवायचो, ओरडायचो, मग मुलगा ऐकायचा, समजायचा आणि पाय उचलायचा. एवढ्या वेळात मैदान बदललेले असे. माझा निर्णय कितीही अचूक असला तरी तो मुलाच्या पायापर्यंत शिळा होऊनच पोहोचत होता.

त्यानंतर मी एक पथ्य पाळतो. चेंडू ज्याच्या पायात आहे त्याला काहीही सांगायचे नाही. ज्यांच्याकडे चेंडू नाही त्यांना सांगता येते, कारण त्यांना ऐकायला वेळ असतो : ‘तू कुठं उभा आहेस ते बघ’, ‘त्याला दुसरी वाट दे’. आणि चेंडू बाहेर गेला की ज्याने निर्णय घेतला त्याला एखादा प्रश्न विचारायचा. प्रश्न खरा असावा लागतो. ‘तिकडे का नाही दिलास?’ हा प्रश्न नव्हे, रागावणे आहे आणि मुलांना ते लगेच कळते. ‘तुला काय दिसलं?’ हा प्रश्न आहे. कित्येकदा मुलगा सांगतो ते ऐकून माझेच मत बदलते. ‘सर, तो मोकळा होता, पण त्याचा डावा पाय दुखतोय,’ असे एकाने मला सांगितले. बाहेरून मला ते कसे दिसणार होते?

निर्णय आणि त्याचा परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मुलाने योग्य जागा हेरली, पास थोडा जोरात गेला आणि चेंडू बाहेर गेला, तर ‘बरोबर पाहिलंस, पुढच्या वेळी हळू दे’ असे सांगावे. उलट डोळे झाकून मारलेला चेंडू नशिबाने साथीदाराकडे गेला, तर टाळ्या वाजवू नयेत. मुले टाळ्यांकडे पाहून शिकतात.

सरावात आपण मधे दोघांना ठेवून बाहेरच्या चौघापाचांनी चेंडू फिरवण्याचा खेळ, म्हणजे राँडो, घेत असालच. प्रशिक्षक लाउरेआनो रुईझ यांनी १९७० च्या दशकात स्पेनमधील बार्सिलोना क्लबच्या मुलांच्या संघांत तो रुजवला आणि १९८८ पासून प्रशिक्षक म्हणून आलेल्या योहान क्रायफ यांच्यामुळे तो जगभर गेला. त्यात खरा प्रतिस्पर्धी असतो म्हणून तो चांगला. पण त्याला दिशा नसते; गोल कुठेच नसतो. चेंडू राखणे कळते, चेंडू राखून कुठे जायचे ते कळत नाही. म्हणून पंधरा मिनिटांच्या वर घेऊ नये आणि नंतर लगेच दोन्ही टोकांना गोल असलेला खेळ लावावा, असे माझे मत आहे.

पालकांबद्दल एवढेच, की हंगामाच्या सुरुवातीला त्यांना एकदा बोलावून वर सांगितले तसे ध्वनिमुद्रण ऐकवा. माझे नको, त्यांचेच.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि मुलांच्या संघात खेळते. तिला चेंडू घेऊन पुढे जायला, चकवायला आवडते. तिचे प्रशिक्षक प्रत्येक सरावात ‘दोनच स्पर्श’ असा नियम ठेवतात आणि तिसरा स्पर्श केला की तिला बाहेर बसवतात. ती स्वार्थी खेळते, असे ते म्हणतात. तिचा उत्साह कमी होत चालला आहे. आम्ही काय करावे?
— एक आई, डिचोली, गोवा

उत्तर : चकवणे हाही निर्णयच आहे आणि अनेकदा तोच योग्य निर्णय असतो. समोर एकच बचावपटू आहे, त्याच्या मागे जागा आहे आणि आपण प्रतिस्पर्ध्याच्या गोलाच्या बाजूला आहोत, अशा वेळी पास देणे म्हणजे हातची संधी घालवणे. तीच मुलगी स्वतःच्या गोलासमोर दोघांना चकवायला गेली, तर मात्र तिला थांबवायला हवे. वाईट असते ती पाहण्यापूर्वीच ठरवून टाकलेली चाल, मग ती चकवण्याची असो की पासची. मुलगी चेंडू येण्याआधीच ‘मी चकवणारच’ असे ठरवून बसत असेल तर प्रशिक्षकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘मी देणारच’ असे ठरवून बसणाऱ्या मुलाला मात्र कोणी स्वार्थी म्हणत नाही, म्हणून त्याची चूक कोणाच्या नजरेत येत नाही.

‘दोनच स्पर्श’ या नियमाचा उपयोग आहे. दहा मिनिटे तो ठेवला तर चेंडू येण्याआधी पाहण्याची निकड निर्माण होते. पण रोज, तासभर, बारा वर्षांच्या मुलांना तोच नियम लावला तर त्यांच्या वतीने निम्मा निर्णय आपणच घेऊन टाकतो. चेंडू ठेवायचा की सोडायचा, हा फुटबॉलमधला सर्वांत मोठा प्रश्न. तो प्रश्नच आपण पुसून टाकतो. शिवाय बचाव करणाऱ्या मुलांनाही कळते की समोरची पुढे जाणार नाही, मग ती अंगावर न जाता नुसत्या पासच्या वाटा अडवून उभी राहतात. खेळ दिसायला सुंदर, पण दोन्ही बाजूंची मुले खोट्या खेळाचा सराव करत असतात.

प्रशिक्षकांशी बोला, मात्र सामन्याच्या दिवशी आणि मुलीसमोर नको. स्पर्शांवर बंदी घालण्याऐवजी बक्षीस ठेवता येईल का, एवढे नम्रपणे विचारा. कितीही स्पर्श करावेत, पण एकाला चकवून केलेला गोल दोन गुणांचा, आणि दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मधून गेलेल्या पासनंतरचा गोलही दोन गुणांचा. मग चकवणे आणि पास देणे यांपैकी आत्ता कशाचे मोल अधिक, हे मुलांना दर वेळी स्वतः तोलावे लागते. मुलीला सामन्यापूर्वी एकच काम द्या : चेंडू येण्याआधी समोर किती जण आहेत ते मनात मोजायचे. एक असेल तर जा, दोन असतील तर साथीदार शोध. पुढे हा नियम ती स्वतःच मोडेल आणि केव्हा मोडायचा तेही तिला कळेल.

तिला बाहेर बसवण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. निर्णय चुकला म्हणून बारा वर्षांच्या मुलीला बाहेर बसवू नये. बाहेर बसून ती एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे पुन्हा धाडस न करणे.

प्रश्न : टीव्हीवर सामने पाहून मुलांची समज वाढते का?
— एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : चेंडू पाहत बसले तर फारशी नाही. नातवाला त्याच्या स्वतःच्या जागेवर खेळणारा एकच खेळाडू निवडायला सांगा आणि दहा मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहायला सांगा. चेंडू कुठेही असो. तो केव्हा मागे पाहतो, चेंडू लांब असताना कुठे सरकतो, हे त्याने आपल्याला सांगावे. कॅमेरा पुष्कळदा चेंडूमागेच असतो, म्हणून स्थानिक सामना मैदानावर जाऊन, उंच पायरीवर बसून पाहणे अधिक चांगले.

प्रश्न : पंधरा वर्षांखालील आमचा संघ चांगला खेळतो, पण आघाडी घेतली की किंवा बरोबरी साधली की लगेच गोल खातो. मुलांचे वय पाहता हा अनुभवाचा प्रश्न म्हणून सोडून द्यावा का?
— एक संघ व्यवस्थापक, पुणे

उत्तर : अनुभवाचाच प्रश्न आहे, पण तो अनुभव सरावात देता येतो. आपल्या सर्वांच्या आठवणीतला सामना घ्या. ९ ऑक्टोबर २०१७, दिल्ली, सतरा वर्षांखालील विश्वचषक, भारत विरुद्ध कोलंबिया. ८२ व्या मिनिटाला जेक्सन सिंगने हेडरवर गोल करून १-१ अशी बरोबरी साधली. फिफाच्या विश्वचषकात भारताचा तो पहिला गोल होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात असल्यामुळे इकडच्या पेठापेठांत तर दिवाळीच होती. आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोसाने गोल केला. सामना १-२ असा गेला. त्या मुलांना दोष द्यावा असे मला कधीच वाटले नाही. जगातल्या बलाढ्य संघाला त्यांनी ८२ व्या मिनिटाला गाठले होते. पण गोलनंतरची दोन मिनिटे हा फुटबॉलमधला एक वेगळाच तुकडा आहे आणि त्याचा स्वतंत्र सराव करावा लागतो, हे मी त्या रात्री शिकलो.

‘आक्रमण विरुद्ध बचाव’ असा मोघम सराव न घेता प्रसंग द्या. ‘तुम्ही १-० ने पुढे आहात, चार मिनिटे बाकी आहेत, चेंडू तुमच्या डाव्या बचावपटूकडे आहे.’ दुसऱ्या संघाला सांगा, ‘तुम्हाला एक गोल हवा आहे.’ घड्याळ लावा आणि सुरू करा. दुसऱ्या वेळी, ‘तुम्ही आत्ताच बरोबरी केली आहे, समोरचा संघ मध्यावरून खेळ सुरू करतो आहे.’ प्रत्येक प्रसंग संपला की मुलांना पाण्याच्या वेळेत आपसांत बोलू द्या आणि तोच प्रसंग पुन्हा खेळवा. पहिल्या वेळी ती बहुधा चेंडू दूर उडवतील. लगेच तो परत येईल. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी चेंडू बगलेला नेऊन तिथे राखेल, कुणी गोलरक्षकाकडून पुन्हा बाजू बदलेल, कुणी थ्रो-इन मिळवील.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ‘उडवून टाक’ हा हुकूम चषक मिळवून देतो, हे मी नाकारत नाही. कोल्हापुरात मी असे अनेक चषक पाहिले आहेत. पण पंधरा वर्षांच्या बचावपटूला चार वर्षे तेवढेच सांगितले, तर अठराव्या वर्षी त्याला वरच्या संघात जे विचारले जाते ते त्याला येत नाही, आणि तेव्हा त्याच्यापाशी वेळ राहिलेला नसतो. उडवणेही कधी योग्य असते. तो निर्णय मात्र त्याचा असावा.

प्रश्न : हे सर्व केल्यावर फरक किती दिवसांत दिसतो? आमच्याकडे दर महिन्याला पालक विचारतात.
— एका फुटबॉल शाळेचे संयोजक, सातारा

उत्तर : पहिले दोन महिने खेळ आधीपेक्षा विस्कळीत दिसेल, हे पालकांना आधीच सांगून ठेवा. जी मुले पूर्वी सांगितले तेवढेच करत होती ती आता स्वतः ठरवू लागतील, आणि ठरवणारा चुकतो. गोल अधिक खाल. गोलसंख्या किंवा पासांची मोजणी पाहू नका. एक सामना दोन्ही टोकांना एक एक पालक बसवून चित्रित करा आणि नंतर प्रत्येक मुलासाठी एवढेच मोजा, की चेंडू त्याच्याकडे निघण्यापूर्वी त्याने मान वळवली की नाही. तीन महिन्यांनी तसाच दुसरा सामना चित्रित करा. आमच्याकडे गेल्या हंगामात दहा वर्षांच्या एका गोलरक्षकाने आम्हाला चकित केले. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असताना तो आपल्या दोन्ही बचावपटूंकडे आळीपाळीने पाहत होता आणि त्यांच्या जागा त्यांना बोटाने दाखवत होता. त्याला हे कोणीही शिकवलेले नव्हते.